प्रत आणि परवाना

पाठचिकित्सा शिकवताना लहियांच्या चुकांवर आम्ही दोघे तासभर बोलू शकतो. आमच्याच हातून नकलेत झालेली चूक मात्र अक्षराची नव्हती.

जात्यावरच्या ओव्या सांगणाऱ्या एका आजींनी ध्वनिमुद्रणाच्या ओघात स्वतःच्या संसाराविषयी काही सांगितले आणि बजावले, "हे तुम्हां दोघांपुरतंच." त्या संहितेची फाइल विभागाच्या लिनक्स संगणकावर होती. मालकी एकाची, समूह विद्यार्थ्यांचा. समूहाला आम्ही कोणताच अधिकार ठेवला नव्हता. दुसऱ्याला वाचनाचा अधिकार प्रवेशसूचीत नावानिशी दिला होता.

संग्रह नव्या डिस्कवर हलवण्यासाठी, चाळिशीत शिकलेल्या सी भाषेत आम्ही एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. मजकूर उतरवायचा, 'स्टॅट'ने मूळ फाइलचे अधिकार वाचायचे, 'सीएचमोड'ने ते नकलेला द्यायचे. सूची उतरणार नाही, म्हणजे फार तर आमच्यापैकी एकाला फाइल उघडणार नाही, एवढाच आमचा अंदाज. घडले उलटे. अशी सूची असलेल्या फाइलबाबत 'स्टॅट' समूहाच्या जागी समूहाचे अधिकार दाखवतच नाही. दाखवतो तो मास्क, म्हणजे नावानिशी दिलेल्या आणि समूहाच्या अधिकारांची कमाल मर्यादा. आमचा मास्क वाचनाचा होता. सूची गळाली, मुखवटा तेवढा उतरला, आणि नकलेत तोच समूहाचा चेहरा झाला. (मुखवटा आम्ही अलंकार म्हणून आणलेला नाही, नाव मूळचेच.)

महानुभावांनी पोथ्या सांकेतिक लिपीत लिहिल्या. तेथे वाचनाचा अधिकार अक्षरांतच होता. नकलेबरोबर तोही उतरे. फाइलचा अधिकार मजकुराबाहेर राहतो, त्याची नक्कल वेगळी करावी लागते.

दुरुस्ती मोजक्या ओळींची. नकलेची फाइल निर्माण होतानाच फक्त मालकापुरती ठेवायची. मजकूर उतरला की 'एसीएल_गेट_एफडी'ने मूळ सूची घ्यायची, 'एसीएल_सेट_एफडी'ने नकलेवर बसवायची, आणि ती बसली नाही तर तेथेच थांबायचे. ही फलने पॉझिक्सच्या ज्या सतराव्या मसुद्यावर आधारलेली आहेत तो १९९७ चा; पुढे तो मागे घेतला गेला, प्रमाण कधी झालाच नाही. असो.

चूक कळली ती वर्गात, एका विद्यार्थिनीने टिपणातून आजींचे वाक्य वाचले तेव्हा. आम्ही आजींकडे गेलो, सगळे सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, "मग आता किती जणींना ठाऊक झालं?"

आम्हांला आकडा सांगता आला नाही.