शरीराचीं दोन नांवें

विद्यार्थिमित्रहो, ज्या घरांत आपण राहतों त्याच्या दारांचीं, खिडक्यांचीं व कोनाड्यांचीं नांवें आपणांस ठाऊक असतात. परंतु ज्या देहांत जन्मभर राहावयाचें त्याच्या भागांचीं नांवें विचारलीं असतां पुष्कळांची धांव डोकें, हात, पोट व पाय यांपुढें जात नाहीं. मराठींत ही स्थिति. मग तींच नांवें इंग्रजींत शिकण्याचा प्रसंग आला म्हणजे हुशार विद्यार्थ्याचीही छाती दडपून जावी, यांत नवल तें काय?

आमच्या शाळेंतून दरवर्षीं कांहीं मुलें-मुली नर्सिंगच्या, औषधनिर्माणाच्या व वैद्यकीच्या शिक्षणास जातात. त्यांपैकीं एक मुलगी, गुणांनीं चांगली व स्वभावानें त्याहून चांगली, कांहीं वर्षांपूर्वीं नर्सिंगच्या अभ्यासक्रमास गेली आणि तिसऱ्याच महिन्यांत सामान घेऊन घरीं परत आली. "सर, रोग्यांची सेवा मला जड नाहीं, शब्द जड आहेत," एवढेंच ती म्हणाली. ती पुन्हा गेली नाहीं. आज ती आपल्या संसारांत सुखी आहे. तरी ज्या हातांनीं दुखणाइतांची शुश्रूषा व्हावयाची ते हात केवळ परक्या नांवांच्या भयानें त्या कार्यास अंतरले, ही हळहळ आमच्या मनांतून गेलेली नाहीं. तेव्हांपासून शनिवारीं शाळा सुटल्यावर इच्छुक विद्यार्थ्यांस घेऊन तासभर बसण्याचा परिपाठ आम्हीं ठेविला आहे. आम्ही वैद्य नव्हों, इंग्रजीचे शिक्षक आहों. शरीरशास्त्र शिकविण्याचा आव आम्ही आणीत नाहीं. शब्दांचें भय जावें, एवढाच हेतु.

पहिल्या दिवशीं आम्ही फळ्यावर इंग्रजी कांहींच लिहीत नाहीं. डोळ्यांच्या इस्पितळास काय म्हणतात, असें विचारतों. "नेत्रालय." दांतांच्या वैद्यास? "दंतवैद्य." हाड मोडलें म्हणजे? "अस्थिभंग." मग 'डोळालय' असें कां बरें कोणी म्हणत नाहीं? मुलें हंसतात, आणि हंसतां हंसतां मुख्य गोष्ट त्यांच्या ध्यानांत येते. घरांत डोळा, दांत, हाड. शास्त्रांत नेत्र, दंत, अस्थि. इंग्रजीनेंही नेमकें हेंच केलें आहे. घरांत ती आय, टूथ, बोन म्हणते; परंतु शास्त्राची वेळ आली कीं, आपण जशी संस्कृताकडे धांव घेतों तशी ती ग्रीक व लॅटिन यांकडे घेते. म्हणून लिव्हरचें हिपॅटिक होतें, लंगचें पल्मनरी होतें, आणि किडनीस तर लॅटिन घराण्याचें रीनल व ग्रीक घराण्याचें नेफ्रो अशीं दोन उपपदें मिळतात. त्यांतही संस्कृत, ग्रीक व लॅटिन या एकाच कुळांतील भाषा. दंत व डेंटल, नासा व नेझल, अस्थि व ऑस्टिऑन हीं भावंडें कानांसच ओळखूं येतात. आणि ऐकावयास दूरचे वाटणारे यकृत् व हेपार हे शब्दही एकाच मुळाचे वंशज आहेत.

दुसऱ्या शनिवारीं चित्रांचा पाठ. गुडघ्यावरील हाडास आपण गुडघ्याची वाटी म्हणतों. इंग्रजी पुस्तकांत त्यास पटेला म्हणतात, आणि पटेला म्हणजे लॅटिनमध्यें उथळ ताटली! टिबिआ म्हणजे पांवा, आणि तें हाड आपल्याकडे नळी. क्लॅव्हिकल म्हणजे लहानशी किल्ली. दंड आंवळला असतां आपणांस तेथें बेटकुळी उडतांना दिसते; रोमन लोकांस तेथें उंदराचें पिलूं दिसलें, म्हणून स्नायूचें नांव मसल पडलें. डोळ्याच्या मध्यभागीं जो काळा ठिपका, त्यांत पाहणाराचें चिमुकलें प्रतिबिंब पडतें. मराठींत त्यास बाहुली म्हणतात. लॅटिनमध्येंही बाहुलीच, प्यूपिला. त्याच मुळापासून इंग्रजींत विद्यार्थ्यास प्यूपिल म्हणतात, तेव्हां शिक्षकाच्या डोळ्यांत विद्यार्थी असतो हें व्युत्पत्तीनेंही सिद्ध झालें!

मात्र जेथें दोन भाषांच्या सीमा जुळत नाहींत तेथें जपून चालावें लागतें. आपला हात खांद्यापासून बोटांपर्यंत एकच. शास्त्रीय इंग्रजींत आर्म म्हणजे फक्त खांद्यापासून कोपरापर्यंतचा भाग, अर्थात् आपला दंड. लेग म्हणजे गुडघ्यापासून घोट्यापर्यंतच; त्यावर मांडी, त्याखालीं पाऊल. हाताचें बोट निराळें व पायाचें बोट निराळें. उजवें-डावें सांगावयाचें तें नेहमीं रोग्याचें, पाहणाराचें नव्हे. इलिअम हे दोन शब्द उच्चारास एकच, परंतु एका अक्षराच्या फरकानें एक कमरेचें हाड होतें व दुसरें लहान आंतड्याचा शेवटचा भाग. हायपर म्हणजे अधिक व हायपो म्हणजे उणें. रक्तांतील साखर वाढली कीं घटली हें या एवढ्याशा भेदावर ठरतें, आणि उपचारही त्यावरच ठरतो. परीक्षेंत अशी चूक झाली तर गुण जातात. रुग्णालयांत त्याहून मोलाचें कांहीं जाऊं शकतें.

हीं नांवें इंग्रजांच्या मुलांसही जन्मतः येत नाहींत. क्लॅव्हिकल हा शब्द त्यांनाही आपल्यासारखाच घोकावा लागतो. इतकेंच काय, शास्त्रज्ञांतही एकाच अवयवास अनेक नांवें चालत असत. तो घोटाळा मिटविण्यासाठीं १८९५ सालीं स्वित्झर्लंडांतील बासल शहरीं नांवांची एक यादी झाली, व पुढें सुधारतां सुधारतां १९९८ सालीं 'टर्मिनोलॉजिया ॲनाटॉमिका' ही यादी प्रसिद्ध झाली. मोजण्याची रीतही बदलते: सुश्रुतानें देहांत ३०० हाडें सांगितलीं, आज प्रौढ माणसाचीं २०६ मोजतात; कारण दांत व कूर्चा आतां त्या गणतींत धरीत नाहींत. आणि मराठी मुलीस हें साधेल काय, अशी शंका ज्यांस येते त्यांनीं आनंदीबाई जोशी यांचें स्मरण करावें. १८८३ सालीं त्या अमेरिकेस गेल्या, परक्या हवेंत प्रकृति ढासळत असतांही त्यांनीं हें सारें शास्त्र इंग्रजींत शिकून घेतलें आणि १८८६ सालीं फिलाडेल्फिया येथें वैद्यकीची पदवी मिळविली.

पालकांस एक विनंति. इंग्रजी शब्द आले म्हणजे घरचे शब्द टाकून द्यावे, असें मुलांस सांगूं नका. आमची एक विद्यार्थिनी सध्यां खेड्यांतील एका रुग्णालयांत परिचारिका आहे. तेथें एक आजीबाई "काळजांत जळतंय" असें सारखें म्हणत होत्या, व परप्रांतांतून आलेल्या डॉक्टरांस कोणी त्याचें भाषांतर 'हार्ट' असें करून दिलें. आपल्या भाषेंत काळीज धडधडतें तें हृदय. पण खाटकाकडे कलेजी मागा, यकृत मिळेल! या मुलीस हें ठाऊक होतें. तिनें एवढेंच म्हटलें, "आजी, बोट लावून दाखवा." बोट गेलें तें उजव्या बरगड्यांच्या खालीं. ती जागा तिनें डॉक्टरांस नेमक्या इंग्रजी शब्दांनीं सांगितली, आणि तपासणी योग्य ठिकाणीं सुरू झाली. पुस्तकांतला शब्द तिला आला म्हणून डॉक्टरांस कळलें. आजीचा शब्द ती विसरली नव्हती म्हणून तिला कळलें.

तेव्हां, मित्रहो, एक वही करा व तिच्या पानावर तीन रकाने आंखा. पहिल्यांत आजी बोलते तो शब्द, दुसऱ्यांत साधा इंग्रजी, तिसऱ्यांत शास्त्राचा. रोज पांच ओळी लिहा आणि प्रत्येक शब्द उच्चारतांना त्या जागीं स्वतःचा हात ठेवा. वर्षअखेर पाहाल तर जें अवघड म्हणून भय वाटत होतें तें सर्व आपल्याच अंगावर होतें, असें तुम्हांस आढळून येईल.