ग्रुपवरचं बीपी

● आई-वडील चाकूरला, पोरं पुण्यात. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुड मॉर्निंगच्या फुलांखाली बीपी मशीनचा फोटो येतो: १४८/९२. त्याला तीन अंगठे, एक जोडलेले हात. "आबा, रात्रीची गोळी घेतली होती का?" हे कुणीच विचारत नाही.

● सवय कोरोनातली. २०२०-२१ मध्ये ऑक्सिमीटरचा आकडा ९४च्या खाली गेला की काय करायचं, हे घरोघरी पाठ होतं. बीपीच्या आकड्याचं पुढं काय, हे कुणी ठरवलेलंच नाही.

● फोटोत बरंच दिसत नाही. पाच मिनिटं शांत बसून मोजलं की बाजारातून आल्या आल्या? चहा नुकताच झाला होता? पट्टा सदऱ्यावरूनच गुंडाळला? आठवडाभराचे सकाळ-संध्याकाळचे आकडे वहीत लिहून त्या पानाचा एकच फोटो डॉक्टरांना पाठवला, तर त्यांना काही ठरवता येतं.

● डॉक्टरांनी व्हॉट्सॲपवर सल्ला द्यायला मनाई नाही. २५ मार्च २०२०च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांत त्याचं नावच आहे. अटी आहेत: दोघांची ओळख पटलेली हवी, नोंद डॉक्टरांनी ठेवायची, चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक हवा. प्रत्यक्ष तपासणीनंतर सहा महिन्यांच्या आत त्याच दुखण्यासाठी विचारलं, तर तो फेरसल्ला धरतात. रात्री दोनला मेसेज वाचायला डॉक्टर जागे असतील, असं मात्र त्यात कुठं लिहिलेलं नाही.

● भावकीच्या ग्रुपवर शुगरचा रिपोर्ट टाकू नये. वडवळ नागनाथचं वनौषधींचं बेट चाकूर तालुक्यातलंच; पाल्याचे सल्ले द्यायला इथं कुणी मागं राहत नाही. एचबीएवनसी म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा हिशेब, तो एका रात्रीच्या काढ्यानं फिरत नाही. मेसेज वाटेत कुणाला वाचता येत नाही हे खरं, पण ग्रुपातल्याच कुणी पुढं ढकलला तर व्हॉट्सॲप काय करणार? सोयरिकीच्या बोलण्यात तोच फोटो निघतो.

● घरच्या ग्रुपवर एकच नाव ठरवावं. आकडा त्यानं बघायचा, फोन त्यानं करायचा, ग्रामीण रुग्णालयात त्यानं न्यायचं. पुण्याच्या इंजिनिअर लेकापेक्षा पलीकडच्या गल्लीतली भाची इथं जास्त कामाची.

● छातीत कळ, तोंड वाकडं, जीभ अडखळतेय: मशीन शोधू नये, फोटो काढू नये. १०८ लावावा.