क्लोज-अप आणि बैठकीची लावणी

सिनेमाने लावणी उचलली, पण नको ती उचलली, असं माझं जुनं भांडण आहे.

फडावरची लावणी शेवटच्या रांगेतल्या गड्यालाही दिसावी लागते. म्हणून उडी, गिरकी, कमरेचा झटका, सगळंच मोठं. बैठकीची लावणी चार हातांवर बसलेल्यांसाठी. बाई बसूनच असते आणि स्वतः गाते. एकच ओळ पुन्हा पुन्हा घेते: कधी लाडात, कधी रुसून, कधी समोरच्याची फिरकी घेत. पदराचं टोक बोटाला गुंडाळता गुंडाळता मध्येच थांबते, एक भुवई जराशी उचलते. तबलजीचे डोळे तिच्यावर खिळलेले, कारण पुढची ओळ कधी घ्यायची ते ती ठरवणार. यमुनाबाई वाईकर या अदाकारीतलं मोठं नाव. पद्मश्री मिळाली ती 2012 साली, वयाची नव्वदी ओलांडल्यावर.

भुवई भिंतीएवढी करून दाखवणारं यंत्र हाती आल्यावर त्याच्यापुढे कुठली लावणी बसवायला हवी होती? आमच्या नाशिकच्या दादासाहेब फाळक्यांना हे कळलं होतं. 1919च्या ‘कालिया मर्दन’च्या सुरुवातीलाच त्यांनी मुलीचा, मंदाकिनीचा, चेहरा जवळून दाखवला आणि त्यावर एकामागून एक भाव उमटू दिले. कृष्णाचं सोंग त्यानंतर. (फाळके स्मारक नाशिकमधल्याच आमच्या अंबडहून हाकेच्या अंतरावर आहे. तिथे सहली येतात, पण ही फिल्म पाहिलेला क्वचित भेटतो.)

मात्र 1947च्या ‘लोकशाहीर रामजोशी’ने तमाशापटांची वाट पाडली आणि तिच्यावरून पडद्यावर आला तो फड. ‘सांगत्ये ऐका’, ‘पिंजरा’, पुढे ‘नटरंग’. दर पिढीत रंगमंच रुंदावला, मागे नाचणाऱ्या मुली वाढल्या. त्यांची मेहनत मी नाकारत नाही. माझ्या मते खरी अडचण पार्श्वगायनाची. गाणं आधी ध्वनिमुद्रित होतं, मिनिटं ठरून जातात. ओळ दोनदा गायली असेल तर भाव दोनच. नाचणारी गात नाही, मग तबलजीला थांबवणार कोण? सुलोचना चव्हाणांनी डोक्यावरचा पदर ढळू न देता नुसत्या गळ्यातून अदा उभी केली. पण पडद्यावर त्या गळ्याला चेहरा दुसरीचा.

टँगोचंही असंच झालं. ब्युनोस आयर्सच्या बंदराकडच्या गरीब वस्त्यांतला हा नाच. 1921च्या ‘द फोर हॉर्समेन ऑफ द अपॉकॅलिप्स’मध्ये रुडॉल्फ व्हॅलेंटिनो तो गुराख्याच्या वेशात नाचला आणि जगाने तोच खरा मानला. बॅलेनेही टँगो घेतला. हान्स व्हान मानेन यांची 1977ची ‘फाइव्ह टँगोज’ ही पिआझोलाच्या संगीतावरची रचना मला आवडते, पण तिथे बाई चवड्याच्या टोकावर उभी राहते. मूळ टँगोचा सगळा भार जमिनीत आणि जोडीदाराच्या छातीशी असतो. सॅली पॉटर या दिग्दर्शिकेने मात्र ‘द टँगो लेसन’मध्ये (1997) स्वतःच पाब्लो व्हेरॉनबरोबर नाचून ती जवळीक पडद्यावर आणली. ब्युनोस आयर्सच्या जागतिक स्पर्धेत तर नाचघरातला टँगो आणि रंगमंचावरचा टँगो असे दोन वेगळे गटच असतात.

ही दोन गटांची गोष्ट मी इकडे नाशिकमध्ये सांगत असते. अंबडच्या माझ्या क्लासला एमआयडीसीतल्या कामगारांच्या मुली येतात. एकीची बैठक छान जमली आहे. नजर खाली ठेवून ओळ सोडते आणि शेवटच्या अक्षराला वर बघते. गणपतीतल्या स्पर्धेत ती पहिल्याच फेरीत बाद झाली, कारण गुण ‘जोश’ला होते. मंडळाच्या पोरांना म्हटलं, बैठकीच्या लावणीचा वेगळा गट ठेवा. ठेवू म्हणाले. त्यांची हरकत एवढीच, की बसून नाचणारी मागच्यांना दिसायची कशी? मी म्हटलं, मिरवणुकीला एलईडी पडदा भाड्याने आणताच की, तोच स्टेजशेजारी लावा आणि कॅमेरा तिच्या तोंडासमोर ठेवा. आता भाड्याचा हिशोब चालू आहे.