यात्रेला निघताना टॉवेल कोणता घ्यावा?

यात्रेला निघायचे ठरले की आपल्या घरी पहिली चर्चा होते ती शिदोरीची आणि दुसरी गाडीच्या भाड्याची. अंग पुसायच्या कापडाचा विचार कोणी करीत नाही. दोरीवरचा टॉवेल ओढायचा आणि पिशवीत कोंबायचा! पण चार-पाच दिवस टेम्पोत काढायचे असले, तर हाच टॉवेल सगळ्या घराला छळू शकतो.

आमचे कारंजा हे श्रीनृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान. त्यामुळे येथून औदुंबर, नरसोबाची वाडी आणि गाणगापूर अशी फेरी करण्याची हौस घरोघरी. तूर घरात आली, कापसाची वेचणी उरकली की माघात पाच-सहा घरे मिळून टेम्पो ठरवितात. स्टोव्ह, भांडी, सतरंज्या बरोबर. जागा मिळेल तेथे मुक्काम. वाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर पहाटेचे स्नान, गाणगापूरला भीमा-अमरजेच्या संगमावर. दर्शन घेऊन माणसे गाडीत बसतात, तेव्हा ऊन पुरते वर आलेले नसते. ओले टॉवेल पिशवीत जातात आणि संध्याकाळी कुबट वास घेऊन बाहेर येतात.

वासाचे सोडा, पण एका फेरीत आमच्याच टेम्पोतल्या एका घरी चार लेकरांना मिळून एक मोठा टॉवेल होता. तो पाच दिवसांत एकदाही कोरडा झाला नाही. गावी आल्यावर धाकट्याच्या कमरेला नायटा उठला, मग बहिणीला, मग आईला. दुकानातून विचारून आणलेल्या मलमाने आठ दिवस बरे वाटले आणि पुन्हा दुप्पट पसरले. अशा पुष्कळ मलमांत स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याने खाज दबते, पण रोग फोफावतो. शेवटी त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे महिनोन्‌महिने खेटे घालावे लागले. नायटा ही बुरशी आहे. तिला ओल आणि ऊब हवी, आणि एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जायला टॉवेलासारखे वाहन नाही.

आता हिशेब पाहा. जाड टॉवेलाचे वजन चौरस मीटरला 400 ग्रॅम धरले, तर 75 सेंटिमीटर रुंद आणि 150 सेंटिमीटर लांब टॉवेल कोरडाच 450 ग्रॅम भरतो. हाताने पिळल्यावरही साधारण तेवढेच पाणी त्यात राहते. म्हणजे पाच माणसांचे ओले टॉवेल चार किलोंच्या वर गेले! त्याच्या अंगावरचे सुताचे फास पाणी धरून ठेवतात. घरी अंगणात वाळवायला सोलापुरी टॉवेल उत्तमच. प्रवासात मात्र तो ओझे होतो.

प्रवासाला आपला पातळ सुती पंचा बरा. आपल्या वऱ्हाडात पुष्कळांच्या खांद्यावर दुपट्टा असतोच, तोही चालतो. घेताना कापड उजेडासमोर धरा. वीण सारखी आणि थोडी विरळ दिसली पाहिजे. ओला कोपरा पांढऱ्या कापडावर घासून काठाचा रंग जातो का ते बघा. कोऱ्या पंचाला खळ असते, तो पाणी टिपत नाही. म्हणून निघण्यापूर्वी दोन-तीनदा धुवून घ्या.

बायाबापड्यांसाठी याहून चांगली वस्तू घरातच आहे. जुन्या, मऊ झालेल्या सुती लुगड्याचे तुकडे करून कडा शिवा. ओले केस बांधायला ते उत्तम, आणि घडी मुठीत मावते.

हल्ली बाजारात मायक्रोफायबरचे टॉवेल मिळतात. हा धागा कृत्रिम असल्याने स्वतः पाणी फारसे पीत नाही. पाणी धाग्यांच्या मधे राहते, पिळले की बरेचसे निघून जाते, आणि कापड लवकर वाळते. मात्र त्याने अंग घासू नका, दाबून टिपा. आणि ते स्टोव्हजवळ नेऊ नका. पेटले तर वितळून अंगाला चिकटते.

कापड कोणतेही असो, वाळवण्याची रीत हवी. उन्हाइतकेच वाऱ्याने कापड वाळते. टेम्पोच्या आत वर दोरी बांधून पंचे एकेरी पसरा, दोन्ही टोकांना चिमटे लावा. बाहेर लोंबते सोडू नका, चाकात गेले तर जिवावर बेतेल. दुपारी जेवायला थांबाल तेव्हा आधी पंचे झुडपावर टाका, मग चूल मांडा. पंधरा-वीस मिनिटांचे कडक ऊनही पातळ कापडाला पुरते.

आणि सर्वांत महत्त्वाचे, माणशी दोन पंचे घ्या, एक अंगावर, एक दोरीवर. प्रत्येकाच्या पंचाला वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची खूण घाला. लेकरांना आपली खूण ओळखायला शिकवा. माउलींनो, हे काम निघायच्या आदल्या रात्री सुई-दोरा घेऊन अर्ध्या तासात होते. डॉक्टरच्या दारातल्या रांगेपेक्षा ते कितीतरी स्वस्त पडते.