कुंडीतला वाफसा

ओला स्पंज आडवा धरा. पाणी टपकायचं थांबलं, की तोच स्पंज उभा करा. आणखी पाणी गळतं! स्पंज तोच, पाणी तेच, वाढली फक्त उंची. पारनेरात गच्चीवर हे पाहिलं आणि तेव्हापासून मी भेटेल त्याला स्पंज उभा करून दाखवत सुटलोय, कारण बोन्सायच्या कुंडीचं सगळं गणितच त्यात आहे.

कुंडीला पाणी घातलं, की जादा पाणी भोकातून जातं. पण तळाशी एक थर अडून राहतो. कणांमधल्या बारीक फटी त्याला सोडतच नाहीत. आणि त्या थराची जाडी कुंडीच्या खोलीवर नाही, कणांच्या आकारावर ठरते! समजा थर ४ सेंटिमीटरचा. ३० सेंटिमीटर खोल कुंडीत त्याच्या वर २६ सेंटिमीटर हवेशीर माती उरते. बोन्सायच्या ५ सेंटिमीटरच्या पसरट कुंडीत? जेमतेम १! मुळांनी श्वास घ्यायचा कुठं? तळाला खडी घाला, असं जो तो सांगतो; पण त्यानं थर हटत नाही, खडीच्या डोक्यावर जाऊन बसतो, मुळांच्या आणखी जवळ. त्यापेक्षा पाणी दिल्यावर कुंडी जरा तिरकी करा, बघा किती निघतं.

खरा उपाय दाण्यात. काळी माती भिजली की फुगून फटी बुजवते, वाळली की कुंडीच्या कडेनं सुटते आणि पाणी त्या भेगेतून सरळ खाली पळतं. म्हणून आपला मुरूम! चाळून धूळ काढलेला, तुरीच्या दाण्याएवढा, आणि सोबत तेवढाच विटेचा चुरा. पाणी दिल्यावर थोड्या वेळानं विटेचा एक दाणा फोडून पाहिला: बाहेरून सुकत आलेला, आत गडद लाल, गच्च ओला. दाण्याच्या पोटात पाणी, दोन दाण्यांमध्ये हवा. शेतकरी ज्या वाफशाची वाट बघतो, तो इथं बोटभर खोलीत!

जपानी बोन्सायवाले अकादामा नावाची माती वापरतात, ती ज्वालामुखीच्या राखेतून झालेली. आपला मुरूमही ज्वालामुखीच्याच खडकाचा! पारनेर तालुक्यातच राळेगणसिद्धीला १९७५ नंतर बांधबंदिस्ती आणि पाझर तलाव झाले. अडवलेलं पाणी जमिनीत मुरलं आणि विहिरींना उतरलं. त्या मुरवणाऱ्या जमिनीचा मूठभर मुरूम आता माझ्या बोन्साय वडाच्या मुळांशी आहे.

आपल्याकडचा उन्हाळा पसरट कुंडी बघता बघता सुकवतो. म्हणून पुढच्या उंबराला विटेचा वाटा थोडा वाढवणार आहे.