आवाजाला भेटायचंय? रांगेत या!

वॉशिंग्टन डीसीला गेलेला मराठी माणूस काय करतो? व्हाइट हाऊससमोर फोटो, स्मिथसोनियनची दोन-तीन म्युझियम्स आणि संध्याकाळी नातेवाइकांकडे वरणभात. मी मात्र ऑगस्ट २०२४च्या पहिल्या वीकेंडला व्हर्जिनियातल्या मावसभावाला घेऊन माउंट व्हर्नन स्क्वेअर स्टेशनवर उतरले. मेट्रोत शेजारी सहा फुटी तलवारवाला समुराई (तलवार फोमची हो!), समोर गुलाबी केसांच्या तीन मुली. वाट विचारायची गरजच पडली नाही.

हे सगळे निघाले होते ओटाकॉनला. अ‍ॅनिमेवेड्यांचा हा मेळावा १९९४ साली पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज या गावात सुरू झाला, मग बरीच वर्षं बाल्टिमोरला रमला आणि २०१७पासून डीसीच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये भरतो. चालवतात स्वयंसेवक. म्हणजे आपलं गणपतीचं मंडळच, फक्त एसीतलं. कॉस्प्लेवर सगळेच लिहितात, मी नाही लिहीत. मला भेटायचं होतं पडद्यावर ज्यांचं तोंडच दिसत नाही, त्यांना.

आधी चित्रकार. आर्टिस्ट अ‍ॅलीत टेबलांच्या ओळीच ओळी. प्रिंट्स, स्टिकर्स, समोर बसून काढून मिळणारी चित्रं. जपानहून बोलावलेल्या पाहुण्यांचा थाट वेगळा. शेजारी दुभाषा, आणि सही शिकिशीवर, म्हणजे सोनेरी कडेच्या जाड चौकोनी पुठ्ठ्यावर. फोटोला बहुधा मनाई. भाऊ हिरमुसला, मला बरं वाटलं. फोन खाली गेला की माणसं चक्क एकमेकांकडे बघतात!

डबिंगच्या गप्पांना तर हॉल फुल्ल. जपानमध्ये कलाकार एकाच खोलीत, हातात स्क्रिप्ट घेऊन उभे असतात. पाळी आली की माइकसमोर सरकायचं, आणि पान उलटतानाचा आवाज? अजिबात नाही. अमेरिकेत बहुतेकदा बूथमध्ये एकटा जीव. कानात तीन बीप, चौथ्या ठोक्याला वाक्य, तेही दुसऱ्याच भाषेसाठी हललेल्या ओठांत बसवायचं. समोरचा कधीच संवाद म्हणून गेलेला असतो किंवा अजून यायचाच असतो. आणि आपल्याला वाटतं, दोघं कडाकडा भांडतायत!

हंगामा टीव्हीवर डोरेमॉन बघत माझी अख्खी शाळा संपली. त्याचा हिंदी आवाज सोनल कौशल यांचा, हे कळायला कॉलेज उजाडलं. तोवर मला वाटायचं, डोरेमॉन हिंदीच बोलतो.

मग सहीची रांग. दीड तास. "ताई, अगं दोन मिनिटं भेटणार, त्यासाठी एवढं?" भावाचा प्रश्न रास्त होता. पण रांगेत विषय निघाला संपाचा. आठवड्यापूर्वीच, २६ जुलैला, अमेरिकेतल्या सॅग-आफ्ट्रा या कलाकार संघटनेने व्हिडीओ गेम्सच्या कामावर संप पुकारला होता. मुद्दा एआयचा. विचारल्याशिवाय आणि पैसे दिल्याशिवाय आमच्या आवाजाची नक्कल नको. अ‍ॅनिमेचं डबिंग त्या संपात नव्हतं, पण गळे बरेचसे तेच. टेबलापलीकडे हसून सह्या देणाऱ्यांपैकी कुणाकुणाची गेम्सची कमाई थांबली असेल, हे रांगेतल्या पोरांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. संप मिटायला पुढचा जून उजाडला. जपानही गप्प बसलं नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये तिथल्या २६ आवाज कलाकारांनी परवानगीशिवायच्या एआयविरुद्ध मोहीम उघडली. त्यात ‘ड्रॅगन बॉल’मधल्या फ्रीझाचा आवाज, र्‍यूसेई नाकाओही होते.

टेबलावर छोटी पाटी होती : आवाज रेकॉर्ड करू नये. एरवी मी वैतागले असते. पत्रकार आहे, रेकॉर्डर हातात नसेल तर चुकल्यासारखं होतं. त्या दिवशी तो मुकाट पर्समध्ये टाकला.

माझ्यापुढे सोळा-सतरा वर्षांची मुलगी. सही झाली तरी हलेना. तिला पात्राचं एक वाक्य ऐकायचं होतं. पाटी वाचून तिने फोन टेबलावर पालथा ठेवला. बाईंनी पाण्याचा घोट घेतला, जरा पुढे झुकल्या आणि म्हटलं. हळू, फक्त तिच्यापुरतं. मलाही नीट ऐकू आलं नाही.

"नेक्स्ट!" स्वयंसेवक ओरडला. भावाने मला पुढे ढकललं.