झाकण आणि कुलूप

घरातल्या दिव्याचे बटण आणि कॉम्प्युटरच्या पेटीवरचे बटण यांचे काम एक नाही. दिव्याचे बटण वीज तोडते. जुन्या कॉम्प्युटरचेही तसेच होते. विजेची जाड वायर थेट पुढच्या बटणापर्यंत आलेली असे. १९९५ साली ‘इंटेल’ने एटीएक्स नावाची रचना आणली आणि बटणाचा हा अधिकार गेला. आता ते दाबले की दोन बारीक तारा क्षणभर जुळतात, एवढेच. आतल्या प्रणालीला निरोप जातो की कुणीतरी बंद व्हायला सांगते आहे. ऐकायचे की नाही, हे ती ठरवते. पूर्वी तो हुकूम होता, आता अर्ज झाला.

अर्ज असल्यामुळे तो फेटाळताही येतो. आजच्या बहुतेक लिनक्स सर्व्हरांवर एका छोट्या फाईलमध्ये ‘हँडल पॉवर की’ अशी ओळ असते. तिच्यापुढे ‘इग्नोर’ लिहिले की बटण नुसते दाबून काही होत नाही. असे करण्यामागे दोन भीती असतात. एक चुकून लागणाऱ्या हाताची. दुसरी मुद्दाम केलेल्या घाताची; कारण मशीन बंद करून पेनड्राइव्हवरून पुन्हा सुरू केले, तर उघड्या डिस्कवरचा सगळा मजकूर पासवर्डाशिवाय वाचता येतो.

पहिल्या भीतीची एक जुनी हकीकत प्रोग्रामर मंडळी सांगतात. आयबीएमच्या ४३४१ या मोठ्या मशीनचा लाल स्विच एका प्रोग्रामरच्या मॉली नावाच्या छोट्या मुलीने एकाच दिवसात दोनदा दाबला. मग त्यावर पारदर्शक प्लास्टिकचे झाकण बसवले गेले. अशा झाकणाला आजही ‘मॉली गार्ड’ म्हणतात. नाव मुलीचे राहिले, पण इलाज स्विचवर झाला.

आमच्याकडे मात्र आधी माणसाकडे बोट दाखवले जाते. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी एका पतसंस्थेचे कॉम्प्युटर सांभाळतो. तिथे सर्व्हरला वेगळी खोली नव्हती. तो काउंटरच्या आत, टेबलाखाली असे. एका दुपारी पिग्मीचा भरणा नोंदवताना तो बंद पडला. महिन्यात तिसऱ्यांदा. झाडलोट करणाऱ्या खालावर सगळ्यांचा संशय गेला. कुणी म्हणाले, तिचा झाडू लागतो. कुणी म्हणाले, पगार वाढवला नाही म्हणून मुद्दाम करते. दुसरी बाई बघायचे जवळजवळ ठरलेच होते.

मशीन स्वतःची एक नोंदवही ठेवते, तिला लॉग म्हणतात. ती मी उघडली. तिन्ही दिवशी बटण दाबल्याची नोंद होती. हात कुणाचा हे तिथे लिहिलेले नसते, वेळ मात्र लिहिलेली असते. तिन्ही वेळा दुपारी बारानंतरच्या. खाला सकाळी आठला येते आणि दहाच्या आत दुसरीकडे भांडी घासायला निघून जाते. टेबलाखाली डब्याच्या पिशव्या सरकवायची सवय सगळ्या कर्मचाऱ्यांना होती आणि पिशव्या नेमक्या बटणाला घासत होत्या. व्यवस्थापकांना मी त्या वेळा दाखवल्या. ते गप्प झाले. खालाची कुणी माफी मागितली नाही, पण तिचे काम टिकले.

बटण मी त्याच दिवशी निकामी केले. दुसऱ्या दिवशी सकाळी खालाला सांगितले, “आता याला झाडू लागला तरी फिकीर नको.” ती म्हणाली, “अच्छा किया बेटा. पन जलने का बास आया तो मैं क्या करना?”

प्रश्न रास्त होता. सकाळी ऑफिसात सर्वांत आधी पाऊल टाकणारी तीच.

बटण निकामी केले तरी ते पुरते मरत नाही. चार सेकंदांहून जास्त वेळ दाबून धरले, तर मशीन प्रणालीला न विचारता बंद होते. ही सोय मदरबोर्डातच असते. फाईलमधल्या ‘इग्नोर’ला ती जुमानत नाही. काही सर्व्हरांत समोरचे बटण बायॉसमधूनच बंद करता येते, पण मागची वायर उरतेच. आणि इथे उलटे घडते. साधे दाबणे हा सभ्य मार्ग. त्यात प्रणाली हिशेब डिस्कवर उतरवते, फायली मिटते, मग थांबते. चार सेकंद दाबणे किंवा वायर उपटणे म्हणजे मान मुरगळणे. नोंद अर्धवट राहू शकते. आपण सभ्य मार्ग बंद करतो आणि आडदांड मार्ग उघडाच राहतो. घात करणाऱ्याला चार सेकंद जड नाहीत. त्याला अडवायला बायॉसचा पासवर्ड हवा, पेनड्राइव्हवरून सुरू होण्यास बंदी हवी, डिस्कवरचा मजकूर सांकेतिक करून ठेवायला हवा. नुसत्या बटणाने अडतो तो भला माणूस, ज्याला पासवर्ड माहीत नाही आणि समोर धूर दिसतो आहे.

म्हणून सर्व्हर जाळीच्या कपाटात हलवला आणि खालाला मेन स्विच दाखवला. मेन बंद केला तरी यूपीएसची बॅटरी सर्व्हरला चालू ठेवते, म्हणून यूपीएसचे बटणही दाखवले. तिला वाचता येत नाही. दोन्हींवर लाल पट्टी चिकटवली. धूर दिसला तर कुणाला विचारायचे नाही, दोन्ही बंद करून बाहेर पडायचे आणि मग फोन करायचा, असे ठरले. व्यवस्थापक म्हणाले, “तिला कशाला? उद्या तिनेच बंद केले तर?” मी म्हणालो, “साहेब, सकाळी आठला आग लागली तर इथे कोण असेल?”

अनेक मोठ्या सर्व्हर-खोल्यांत दाराजवळ एक लाल बटण असते. ते साऱ्या खोलीची वीज तोडते. चुकून हात लागू नये म्हणून त्यावर झाकण असते, पण कुलूप नसते. आगीच्या वेळी जो जवळ असेल त्याचा हात तिथे पोहोचला पाहिजे, मग तो साहेबाचा असो की झाडूवालीचा. झाकण घालणारा एवढेच मानतो की हात कुणाचाही चुकू शकतो. कुलूप घालणाऱ्याचा मात्र त्या हातावरच भरोसा नसतो, आणि किल्ली घेऊन तो बहुधा दुसऱ्या गावी असतो.